तिसरी अनसूया

हिंदी मुलखात, इंदरगंजात राहणाऱ्या आमच्या बळवंतकाकांना देवाने बायका तीन दिल्या आणि नाव एकच. पहिली अनसूया बाळंतपणात गेली, दुसरी तापात. १९२३ साली धारहून तिसरी आली. तिचं नाव शामला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. काकांनी हात न थबकता अनसूयाच लिहिलं. माझ्या आजीचं, म्हणजे काकांच्या आईचं, म्हणणं असं की घरातल्या भांड्यांवर ‘सौ. अनसूया’ कोरलेलं आहे, आता पुन्हा कोण कोरत बसणार? सुनेपेक्षा पातेलं टिकाऊ, हे आमच्या घराण्याला अनुभवाने ठाऊक होतं.

बरं, काका बायकोला हाक मारायचे ती ‘अगं’ अशी. चारचौघांत बायकोचं नाव घेणं म्हणजे अब्रूचं खोबरं. मग एवढ्या अट्टहासाने जपलेलं नाव घ्यायचं कुणी? आजीने, आणि अविधवा नवमीला भटजींनी. पितृपक्षातला तो दिवस सवाष्णपणी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा. आपल्या नावाचं श्राद्ध, आणि त्याचे वडे तळायचे आपणच! पहिल्या वर्षी काकू नुसती घाबरली. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते.

ब्राह्मण पानांवर बसले. गुरुजींनी संकल्पात ‘अनसूया’ म्हटलं आणि काकू सोवळ्यातच बाहेर आली.

“कुठल्या अनसूयेचं श्राद्ध, गुरुजी?”

“गेलेल्या दोघींचं.”

“मग मी कोण?”

“पहिले संकल्प तर होऊ दे,” काका खेकसले, “बाद में बोल!”

काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली ती हलेना. आजी ओरडली, “अगं अनसूये, ब्राह्मण उपाशी उठतील!”

“अनसूयेचं श्राद्ध चाललंय. वाढायला तिलाच बोलवा.”

खिरीचा वास दरवळत होता. भुकेपुढे शास्त्र वाकतं. नवऱ्याने सर्वांदेखत माहेरच्या नावाने हाक मारली की दोष जातो, असा आधार गुरुजींना तत्काळ सापडला. काकांचे कान लाल झाले.

“शामला,” ते पुटपुटले, “वाढ.”

काकू उठली. मला तिचं कौतुक वाटतं ते पुढच्यासाठी.

“आता त्या दोघींची माहेरची नावं सांगा,” ती म्हणाली. “श्राद्ध त्याच नावांनी होऊ दे.”

काकांनी आजीकडे पाहिलं, आजीने गुरुजींकडे, गुरुजींनी खिरीकडे. काकू वाट पाहत उभी राहिली. कुणालाच माहीत नव्हतं.