व्हर्नाबाईंचं अपेंडिक्स

व्हर्नाबाई किस्लर एकोणीस वर्षं माझ्या शेजारी राहिल्या, तरी मला त्यांची माहिती थोडीच. शाळेची बस चालवायच्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या होत्या, कॉफी बिनसाखरेची घ्यायच्या. एवढ्यावर कुणाबद्दल लिहू नये, पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

ऑक्टोबरात त्यांना वसुली कंपनीचं पत्र आलं. अपेंडिक्सच्या ऑपरेशनचे तेवीसशे डॉलर थकलेत म्हणे. व्हर्नाबाईंचं अपेंडिक्स एकोणिसाव्या वर्षीच काढलेलं. पण थकबाकी नावावर चढली आणि घर गरम ठेवायच्या भट्टीसाठी बँकेनं कर्ज नाकारलं. जुनी भट्टी बंद पडलेली, आणि ओहायोतला हिवाळा कुणासाठी थांबत नाही.

वसुलीवाला फोनवर म्हणाला, "ऑपरेशन झालं नाही याचा पुरावा पाठवा."

"झालंय ना. साठ वर्षांपूर्वी. आता काढायला दुसरं होतं कुठे?"

"मग हप्ते बांधून देऊ का, बाई?"

तक्रार करायच्या मुदतीच्या आत त्यांनी रजिस्टर पत्र धाडलं: 'तुम्ही कुणाचं काढलंत ते लेखी कळवावं.' पोचपावती फ्रिजच्या दारावर लावली.

मला राहवेना. आमच्याकडे कुणावर दवाखान्याचं बिल आलं की चर्चच्या तळघरात स्पॅगेटीचं जेवण ठेवतात. ताटामागे दहा डॉलर, जमेल ते त्या माणसाला. व्हर्नाबाई बहिणीकडे गेलेल्या असताना मी ते जेवण ठरवलं. चारशे दहा जमले. त्यांना बरं वाटेल म्हणून मी परस्पर कंपनीला चेक पाठवला.

आठवड्याभरात कंपनीनं व्हर्नाबाईंना कळवलं: काही रक्कम भरल्याबद्दल आभार. थकबाकी आपल्याला मान्य आहे असे समजून तक्रार बंद केली आहे.

त्या कागद घेऊन माझ्या दारात आल्या.

"ऑर्विल, स्पॅगेटी कशी होती?"

"जरा गिचका झाला होता."

"गावानं जेवून परक्याचं अपेंडिक्स माझ्या गळ्यात बांधलं. बस आता. लिही."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो: चेक माझा होता, किस्लरबाईंना त्याची कल्पना नव्हती. शेवटचं वाक्य मी माझ्या मनानं घातलं: 'त्यांच्या अपेंडिक्सबद्दल मला काही माहिती नाही.'

"हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

त्यांनी ते राहू दिलं.

उत्तर येईपर्यंत हिवाळा त्यांनी स्वयंपाकघरात शेगडीजवळ, बसवाल्या जाड कोटात काढला. मी म्हटलं, "माझ्याकडे येऊन राहा."

"नको. तू स्पॅगेटी करशील."

मार्चमध्ये पत्र आलं. त्याच नावाची दुसरी बाई होती, पलीकडच्या गावात. बिल मागे घेतलं, चर्चचे पैसेही परत आले. बँकेनं कर्ज दिलं आणि मे महिन्यात, उकाडा सुरू झाल्यावर, भट्टी बसली. जूनमध्ये व्हर्नाबाई झोपेतच गेल्या.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी गवत कापत होतो. त्यांच्या धुराड्यातून वाफ निघत होती. त्या पायरीवर बसल्या होत्या.

"भट्टी चालू आहे तुमची," मी म्हटलं.

"चालते का बघतेय."

"चालते?"

"चालते."