खैरूनभाभींची सीझनवार गोधडी

सुमे, आधी ऊठ बघू! चप्पल घालून गोधडीवर बसलीस? हुफूफहून महिन्यांनी उगवतेस आणि आल्या आल्या हा उद्योग. ये, अशी जवळ बस. आणि त्या काळ्या पट्टीला नाक मुरडू नकोस. ती खैरूनभाभींच्या जुन्या अबायाची आहे.

खैरूनभाभी रत्नागिरीकडच्या. इथे सौदीत, जुबैलला आमच्या समोरच्याच दारात राहायच्या. यजमान प्लांटात शिफ्टला, एकुलती सायमा जर्मनीत नर्स. सायमा सुट्टीला तिथल्या बायकांच्या फुटबॉल क्लबाची मॅच बघायला जायची. प्रेक्षकांत लेक दिसते का, म्हणून भाभी एसीत गोधडी मांडीवर घेऊन फोनवर मॅच लावायच्या. एकदा कॅमेरा फिरला आणि गळ्यात पिवळी ओढणी गुंडाळलेली सायमा दिसली. "अगो बाय, किती वाळलीय!" भाभी ओरडल्याच.

"रोज व्हिडिओ कॉल करते ना ती?" मी म्हटलं.

"कॉलवर ती दाखवायचं तेवढंच दाखवते, ताई. तिथे बसलेली असते तेव्हा खरी दिसते."

हळूहळू तो क्लबच भाभींचा झाला. मे महिन्यात सीझन संपला की गोधडीला एक पट्टी. क्लबच्या पोरी वरच्या नंबरांत आल्या तर फुलाफुलांची, मध्येच लटकल्या तर यजमानांच्या कंपनीच्या शर्टाची निळी. निळ्याच जास्त, बघ. बोलण्यातही तेच. "तुमचा लेक दिनू इकडे नोकरीला आला ना, तो आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला तो सीझन!"

एका वर्षी शेवटची मॅच हरल्या आणि खालच्या लीगमध्ये गेल्या. त्या लीगच्या मॅच फोनवर दिसायच्या नाहीत. चहा गाळता गाळता भाभी म्हणाल्या, "खलास. आता सायमा दिसायची नाही." दुसऱ्या दिवशी ही काळी पट्टी लागली. पुढे नुसता स्कोअर बघायच्या, पण एकही चुकवला नाही.

मागच्या वर्षी यजमानांची नोकरी संपली. फायनल एक्झिट, कायमचं गावी परत. बॅगा काट्याला लावल्या तर वजन जास्त. यजमानांनी गोधडी बाहेर काढली आणि इस्त्री आत कोंबली.

"गावात इस्त्री मिळत नाही काय?" भाभी तडकल्या.

"आणि गोधड्या मिळत नाहीत?"

भाभींनी गोधडी माझ्या हातात दिली. वर सायमाच्या त्या पिवळ्या ओढणीच्याच ड्रेसची कमीज ठेवली. "आपल्या पोरी वर आल्या की ही लावा, ताई. नाही आल्या तर दुसरी काळी लावू नका. थांबा."

परवा गावाहून फोन. कशा आहात, बऱ्या आहात, काही नाही. "वर आल्या, ताई! पट्टी लावलीत?" मागून यजमान ओरडले, "इस्त्री मस्त चाललीय म्हणून सांग!"

कमीज कापून ठेवलीय गं, पण सुईत दोरा काही जात नाही माझ्याच्यानं. आज तुझी गाडी खाली थांबलीय, कळतं मला. पण येत्या शुक्रवारी ये. तू दोरा ओवून दे, टाके मी घालते, आणि रत्नागिरीला सुट्टीवर निघालीस की घेऊन जा. उशीर करू नकोस. ऑगस्टात मॅच पुन्हा दिसायला लागतील. सायमा दिसेल तेव्हा ही भाभींच्या मांडीवर पाहिजे.