घाटासाठी बांधलेलं इंजिन

माझे अब्बा, गयासुद्दीन, धामणगाव रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. मालक केशवराव त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. कारखान्यात अब्बा त्यांना शेठ म्हणत, फाटकाबाहेर नुसतं केशव. कापसाच्या गाड्या दर हंगामाला कमी होत गेल्या आणि एका दिवाळीनंतर जिनिंग उघडलंच नाही. आम्ही अकोल्याला आलो. अब्बांनी घराच्या पुढच्या खोलीत लेथ टाकली.

केशवकाकांकडे त्यांच्या वडिलांची एक विलायती मोटार होती. लाल, बिनटपाची, दोघांपुरती. तरुणपणी हे दोघे तिच्यातून चिखलदऱ्याला निघाले, तर परतवाड्याच्या पुढे घाटात इंजिन उकळलं आणि बैलजोडी लावून मोटार खाली आणावी लागली. २००३ च्या हिवाळ्यात तेच इंजिन मेटॅडोरमध्ये घालून काका आमच्या अंगणात हजर झाले.

"गयास, हे घाट चढलं पायजे. मंग आपण दोघं जाऊ."

"चढंल. पण जसं होतं तसं ठेवून नाई चढणार. बदलावं लागंन."

"बदल. तुयंच समज."

अम्मीनं कुरकुर करत पापडाची खाट गच्चीवर हलवली. दर रविवारी काका पॅसेंजरनं यायचे. अब्बांनी सिलिंडर मोठे करून फियाटचे पिस्टन बसवले. शिशाचं पेट्रोल बंद झालं होतं, नव्या पेट्रोलनं व्हॉल्व्हच्या जुन्या बैठका जळल्या असत्या, म्हणून हेडमध्ये कडक पोलादाच्या बैठका घातल्या. पाण्याचा पंप नवा घडवला. काका बाजूला बसून घासलेटमध्ये नटबोल्ट धुवायचे आणि घाटात कुठे चहा प्यायचा ते ठरवायचे. काम कमी, गप्पा जास्त. त्या वर्षांत पेपर उघडावासा वाटत नसे; रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्याची आत्महत्या. आमच्या अंगणात मात्र रविवारी हसू ऐकू यायचं.

पुढच्या थंडीत इंजिन तयार झालं. लोखंडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, कसून अब्बांनी ते चालू केलं. आधी धूर, मग दोन ठोके, आणि मग असा सलग, गोल आवाज की शेजारच्या बायका दारात आल्या. अब्बांनी काकांच्या पाठीत थाप मारली. "आयक, केशव! आता घाट काय चीज हाय!"

काका रडत होते. आम्हाला वाटलं, आनंदानं. अब्बांनी इंजिन बंद केलं तेव्हा ते म्हणाले, "गयास, मोटार गेली. इकली मी. इंजिन न्यायले बुधवारी मानसं येतीन."

"कधी इकली?"

"पावसाळ्यातच सौदा झाला."

अब्बांनी कापडानं हात पुसले. "मंग इतके रविवार काय करून राहिला होता तू इथं? चहाच्या टपऱ्या सांगत होता मले?"

"सांगतलं असतं तं तू हात काढून घेतला असता. आन् मले इथं येयाले कारन उरलं नसतं."

"तुले कारन लागत होतं, केशव?" अब्बा एवढंच म्हणाले आणि आत गेले.

बुधवारी मुंबईची माणसं आली. त्यातल्या एकानं इंजिन वाकून पाहिलं आणि सहज सांगितलं, "हे सगळं काढावं लागेल. आमच्या साहेबांना मूळचं लागतं, कंपनीचं." तरी अब्बांनी तेल उतरवून, कार्ब्युरेटरच्या तोंडात चिंधी कोंबून, गोणपाटात गुंडाळून ते स्वतः टेम्पोत चढवलं.

महिनाभरानं एका रविवारी दारात काकांचा आवाज आला. अब्बा आतल्या खोलीत होते. अम्मीला म्हणाले, "बोल दे, घर में नहीं है." अम्मीनं तसं सांगितलं. काका अंगणात थोडे थांबले, रिकाम्या घोडीकडे पाहिलं, मी दिलेलं पाणी प्यायले. "बरं. सांग त्याले, येऊन गेलो," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. उन्हाळ्यात धामणगावहून फोन आला. काका झोपेतच गेले होते. अब्बा आणि मी पहिल्या गाडीनं निघालो. अब्बांनी खांदा दिला, सरण रचायलाही मदत केली.

निघताना कौशल्याकाकू दारापर्यंत आल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"भाऊ, त्या दिवशी तुमी घरातच होते नं? हे सांगत होते, गयासचा आवाज आला मले आतून. रागावला हाय म्हने, रागावू दे, पुन्हा जाईन. मंग पायच दुखाले लागले त्यायचे."

 अब्बा ओट्यावर बसले. काकूंनी पाणी आणलं, ते तसंच हातात राहिलं.

घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, कसं झालं, कोण कोण आलं होतं. अब्बा चपला न काढताच खाटेवर टेकले.

"उसने सुन लिया था, बिल्कीस," ते म्हणाले. "सुन के चला गया."