बकुळीची ओंजळ

सकाळपासून ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन चालू होतं. दवाखान्याच्या आवारात, बकुळीखालच्या बाकावर मी आणि माझ्या नणंदबाई बसलो होतो. देवाकडे मी पुन्हा पुन्हा तेच मागत होते.

नणंदबाई वाकून फुलं वेचू लागल्या. मला रागच आला. "वन्सं, आत्ता फुलं कसली वेचताय?"

"वास घे गं. सकाळपासून धड श्वास घेतला नाहीयेस तू." त्यांनी ओंजळ माझ्या नाकाशी धरली. त्यांची नजर मात्र दवाखान्याच्या दाराकडेच होती.

मी खोल श्वास घेतला. एवढ्याशा फुलात एवढा वास कुणी भरला असेल?

आतून अजून काहीच निरोप नव्हता. भीतीही गेली नव्हती. पण या वेळी हात जोडले, तेव्हा काही मागायच्या आधी तोंडातून आभारच निघाले.