रंगपटात सापडलेले अप्पा

सिंगापूरला दादाच्या बेडोक भागातल्या फ्लॅटवर आम्ही पंधरा दिवसांसाठी गेलो होतो, मी आणि अप्पा. आई गेल्यापासून वडिलांचं विसरणं वाढलं होतं आणि बोलणं कमी झालं होतं. जागा बदलली तर बरं वाटेल, असं दादाचं म्हणणं. मला मात्र त्यांना घेऊन घराबाहेर पडायचीच धास्ती वाटायची.

दादा ऑफिसला जाताना म्हणाला, "पलीकडच्या देवळाजवळ मांडव घातलाय. दुपारी चिनी नाटक असतं, बघून या."

मोकळ्या मैदानात लाकडी रंगमंच होता आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रेक्षक जेमतेम पंधरा, बहुतेक म्हातारेच. झांजा आणि ढोल असे कडाडत होते की मला दोन्ही कानांवर हात ठेवावेसे वाटले. लांब पांढऱ्या बाह्यांची एक बाई गात गात रडत होती. शब्द एकही कळत नव्हता, पण अप्पा पुढे वाकून बघत होते. ते रमलेत असं पाहून मी शेजारच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतल्या, एका स्टॉलवरून उसाचा रस आणायला गेले. पाचच मिनिटं लागली असतील.

परत आले तर त्यांची खुर्ची रिकामी.

त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये, इंग्रजी त्यांना बेताचं, आणि दादाचा ब्लॉक नंबर तर सकाळीच तीनदा विचारून झाला होता. मी रस्त्यापर्यंत पळत गेले, बस स्टॉप पाहिला, परत आले. शेजारच्या चिनी आजींना रिकामी खुर्ची दाखवत विचारलं, "माय फादर?" त्यांनी हातातल्या पंख्यानं रंगमंचाच्या मागची बाजू दाखवली. "इनसाइड, लाह," तिथल्या लकबीत म्हणाल्या आणि पुन्हा नाटक बघू लागल्या.

मागच्या शिडीवरून मी धडपडत वर चढले. पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर टांगलेले भरजरी पोशाख, घरघरणारा टेबलफॅन. एका ट्रंकेवर अप्पा बसले होते, दोन्ही हातांत आरसा धरून. समोर एक वयस्कर नट अर्ध्या रंगवलेल्या चेहऱ्यानं भुवई ओढत होता.

"अप्पा!" मी ओरडलेच.

"बाजूला हो, उजेड अडतोय त्याचा," ते म्हणाले.

मी तिथंच खाली बसले आणि रडू लागले. नटानं हातातला ब्रश ठेवून स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला. अप्पा बँकेत होते तेव्हा दरवर्षी हौशी नाटकांची रंगभूषा करायचे, हे मीच विसरून गेले होते. कोणत्या भाषेत विचारून ते आत शिरले, कोण जाणे.

उरलेलं नाटक आम्ही विंगेत उभं राहून पाहिलं. घरी परतताना मी त्यांचा हात घट्ट धरला होता, पण ते भराभर चालत होते आणि बोलत होते: रंगाखाली आधी काय लावायला हवं, घामानं काय बिघडतं.

जेवताना दादानं विचारलं, "गोष्ट काय होती, अप्पा?"

"ते हिला विचार. मी कामात होतो," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी आणखी भात मागितला.