मसुद्यातला दीड अंश

धाकटीचा आवाज गोड आहे, हे थोरलीला कुणी वेगळं सांगायला नको होतं. जावेला दुभाष्याच्या कामात आणलं थोरलीनेच, हेडफोन कसा लावायचा तेही तिनेच शिकवलं. आणि आज हवामान परिषदेच्या शेवटच्या बैठकीत माईक कुणाकडे, तर धाकटीकडे. थोरलीने शेजारी बसून आकडे टिपायचे. दुभाषे बसतात त्या काचेच्या खोलीतली रीतच तशी. बोलणाऱ्याच्या डोक्यात वाक्य राहतं, आकडा निसटतो, म्हणून जोडीदाराने तो कागदावर लिहून समोर धरायचा. एरवी रीत बरी होती, पण आज थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. सासूबाई तर शेजारणीला सांगत सुटल्या होत्या, "आमची धाकटी मोठमोठ्या पाहुण्यांचं बोलणं सांगते हो." मग थोरली काय तिथे फरशी पुसायला जात होती?

खाली सभागृहात एका चिमुकल्या बेटाचे प्रतिनिधी उभे राहिले. गृहस्थ मूळचे शाळामास्तर, वेळ संपत आल्यामुळे भरभर बोलत होते. "ज्यांनी जास्त धूर केला त्यांनी आधी कमी करावा. आणि तुमची सगळ्यांची वचनं पाळली गेली तरी शास्त्रज्ञ म्हणतात, पृथ्वी अडीच अंशांनी तापेल. आमचं बेट दीडच्या पुढे टिकत नाही. कराराच्या मसुद्यात दीड आहे, तो राहू द्या."

धाकटीने कागदाकडे नजर टाकली. कागद कोरा. थोरलीच्या हातात पेन होतं, आकडे तिने स्पष्ट ऐकले होते. पडू दे एकदा तोंडघशी, असं तिच्या मनात आलं, आणि तिने लिहिलं नाही.

धाकटी कुठली पडते. "वचनं पाळली तरी पृथ्वी बरीच तापेल," ती सफाईने म्हणाली, "आमचं बेट त्यात टिकणार नाही. मसुद्यात तसं राहू द्या." कुणाला काही कळलं नाही. थोरलीच्या पोटात आणखीच दुखलं.

तेवढ्यात एका बड्या देशाचे प्रतिनिधी हसून बोलायला लागले. त्यांच्या कानात धाकटीचेच शब्द गेले होते. "बरीच तापेल, हे आम्हाला मान्य आहे. मग आकडा कशाला? तो काढा आणि एवढंच लिहा." मास्तर बावचळून इकडेतिकडे पाहायला लागले. मसुदा पक्का करायला अध्यक्षांनी हातोडा उचलला.

जळत होती थोरली जावेवर, आणि बुडायला निघालं होतं भलत्याच माणसांचं घर. तिने आपल्या समोरच्या माईकचं बटण दाबलं. "दुभाष्याची चूक झाली. वक्ते दीड अंश म्हणाले. दीड राहू द्या म्हणाले."

हातोडा तसाच थांबला. बडे प्रतिनिधी हसायचे थांबले. बरीच घासाघीस झाली, पण दीड मसुद्यात राहिला.

घरी जेवताना धाकटीने आपणहून विषय काढला. "आई, आज माझ्याकडून आकडा सुटला होता. ताईंनी सावरलं, नाहीतर तोंड दाखवायला जागा नव्हती."

सासूबाईंनी थोरलीच्या ताटात वाढलं. "थोरली आहे म्हणून सगळं निभावतं," त्या म्हणाल्या. हे ऐकायची थोरलीने लग्न झाल्यापासून वाट पाहिली होती. आता घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

"मी कागदावर लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली.

"अहो ताई, ते किती भरभर बोलत होते. तुम्हालाही आधी नीट ऐकू आलं नसेल."

धाकटी खरंच तसं समजत होती. तिच्या मनात काही वाईट येतच नाही, याचाही थोरलीला हेवा वाटला.