ओर्सेत्ताने शिकवलेला नकार

भेटीच्या खोलीत, पाहुणे आणि आम्हा जोगिणींच्या मधल्या जाळीच्या आतल्या बाजूला बसून ऐकणं, हे आमच्या मठात माझं काम. कोणाचा भाऊ काय बोलला, कोणाच्या वहिनीनं कोणाची काय बातमी आणली, ते ऐकायचं आणि संध्याकाळी माईंच्या कानावर घालायचं. थोड्या वेळानं लोक मला विसरतात. भिंतीला विसरतात तसं.

ओर्सेत्ताला सगळे रागीट म्हणतात. तिचा स्वभावच तसा, म्हणतात. पायावर धोंडा पडलेल्या माणसाच्या ओरडण्याला कोणी स्वभाव म्हणत नाही.

तिचा बाप मिठाचा व्यापारी होता. व्हेनिसमध्ये एका मुलीचा हुंडा दिला की घर धुवून निघतं, म्हणून थोरलीचं लग्न झालं आणि ओर्सेत्ता आमच्याकडे आली. मठालाही हुंडा लागतो, पण नवऱ्यापेक्षा देव स्वस्त पडतो. मुलीनं काळा पदर, म्हणजे मरेपर्यंतची शपथ, घ्यायच्या आधी बिशप आपला माणूस पाठवतात. हे मोन्सिन्योर जाळीपलीकडे बसतात, सगळ्यांना बाहेर काढतात आणि मुलीला एकटीला विचारतात, "स्वखुशीनं घेतेस ना?" नियम दयेपोटी केलेला आहे. त्या दयेवर आमचा इतका विश्वास, की उत्तर यायच्या आधीच स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी तारल्या तळायला पडलेल्या असतात.

ओर्सेत्ता "हो" म्हणाली होती. आदल्या दिवशी बापानं जाळीतून सांगितलं होतं, "माझी मान खाली घालू नकोस." तेव्हापासून ती लिहिते आहे.

दुपारी आम्ही लेस विणायला बसतो तेव्हा एकीनं संतांची चरित्रं वाचायची असतात. ओर्सेत्ताची पाळी आली की ती चरित्र उघडून पुढ्यात ठेवी आणि वाची मात्र स्वतःचं. "देवानं इच्छाशक्ती वाढली तेव्हा बायकांची पंगत वेगळी बसवली नव्हती. पुरुष म्हणतात, बाई चंचल, तिला स्वतःचं मन नाही. मग त्याच चंचल बाईकडून पंधराव्या वर्षी मरेपर्यंतची शपथ कशी घेता? एक तर ती चंचल नाही, किंवा तुमची शपथ खोटी."

"कोणत्या संताचं गं हे?" म्हातारी बेत्ता सुई थांबवून विचारायची.

"अजून मेली नाही ती," ओर्सेत्ता म्हणायची. "मेली की होईल संत."

माई जेरोनिमा आमच्या मुख्य. त्यांना हे सगळं मी सांगत असे. त्या कपाळाला हात लावत. "लिहू दे. शाई संपली की गप्प बसेल." पण शाई त्याच पुरवत. मला वाटतं, त्यांनाही पुढचं पान ऐकायचं असे.

मग ओर्सेत्ताची भाची आली, तिच्या भावाची, बोर्तोलोची मुलगी झानेत्ता. नऊ वर्षांची होती. शिकायला ठेवतोय, असं बोर्तोलो म्हणाला. आमच्याकडे शिकायला ठेवलेल्या मुली कुठे जातात, ते कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे. ओर्सेत्तानं तिला आपल्या खोलीत घेतलं, लॅटिन शिकवलं, आणि पोर पंधराची झाल्यावर एकच धडा उरला. नाही म्हणायचा.

त्या धड्यासाठी मला मोन्सिन्योर केलं होतं.

"स्वखुशीनं घेतेस ना?" मी आवाज जाड करून विचारायची.

"नाही."

"ऐकू नाही आलं," ओर्सेत्ता ओरडायची. "मांजर बरी तुझ्यापेक्षा! पुन्हा."

"नाही! आत्या, मोन्सिन्योर एवढे लांब बसतात का?"

"ते जवळच बसतात. ऐकू येत नाही त्यांना. फरक आहे."

झानेत्ता हसायची. ओर्सेत्ता हसायची नाही. तिचं सगळं लिखाण या एका शब्दावर उभं होतं. ती मला म्हणाली होती, "एक मुलगी नाही म्हणाली, तर पुढच्या प्रत्येक मुलीला तो खराच प्रश्न वाटेल. मी कागद काळे करून जे होणार नाही, ते ही पोर एका श्वासात करेल."

मोन्सिन्योर आले. सर्दी झालेला, थकलेला माणूस. नियमानं तेव्हा खोलीत कोणी असता कामा नये, पण मला कोणी माणसात धरत नाही. मी कोपऱ्यात होते.

"स्वखुशीनं घेतेस ना, मुली?"

"हो," झानेत्ता म्हणाली. स्पष्ट म्हणाली. शिकवलेल्या आवाजात.

मोन्सिन्योरांचं लिहून होतंय तोच दार उघडून ओर्सेत्ता आत आली. बाहेर कान लावून उभी असणार.

"काय म्हणालीस?"

"हो म्हणाले, आत्या."

"घाबरलीस?"

"नाही. बाबांनी काल निरोप धाडला. नाही म्हणालीस तर एक चामड्याचा व्यापारी लग्नाला तयार आहे, बिनहुंड्यानं. त्याच्या दोन बायका बाळंतपणात गेल्या. इथं तू आहेस, कागद आहे, पुस्तकं आहेत." ती जराही रडत नव्हती. "तूच म्हणतेस ना, इच्छा माझी? मग मी माझ्या इच्छेनं म्हणाले."

 मग ओर्सेत्ता जाळीकडे वळली.

"पुसा ते."

"बाई, मुलीनं उत्तर दिलंय," मोन्सिन्योर म्हणाले. "तेही किती समंजस."

"दोन दारं ठेवलीत, दोन्हींच्या किल्ल्या बापाच्या कमरेला, आणि तुम्ही विचारता, खुशीनं जातेस का? मठात येतेस का, हा प्रश्नच नाही. तुला कुठं जायचंय, असं विचारा की एकदा!"

"बरं बाई, बरं." त्यांनी नाक पुसलं. त्यांना लवकर सुटायचं होतं. "सांग मुली. तुला कुठं जायचंय?"

झानेत्तानं आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हा धडा तिला कोणीच दिला नव्हता.

"पादुआला," ती म्हणाली. "माझा भाऊ गेलाय तिथल्या विद्यापीठात शिकायला. त्याला शिकायचं नाहीये. त्याच्या जागी मला जायचंय."

मोन्सिन्योर हसले. वाईट माणूस नव्हता तो, म्हणून तर मला त्या हसण्याची जास्त चीड येते. नातवंडाच्या बोबड्या बोलाला हसावं तसं हसला. "विनोदी आहे हो पोरगी! मठात तुमचा वेळ बरा जाईल." आणि लिहिलेल्या "हो"वर त्यानं शाई सुकवायची वाळू टाकली.

ओर्सेत्तानं जाळीला दोन्ही हातांनी धरून हलवलं. ती लोखंडी आहे. हलत नाही.

तिला शिक्षा झाली, जमिनीवर बसून पाण्याबरोबर पाव खायची. तिनं तो खाल्ला नाही. काळ्या पदराच्या दिवशी झानेत्ताला फरशीवर पालथं निजवलं, प्रेतावर घालतात ती काळी चादर तिच्यावर पसरली, आणि आम्ही एकेका संताचं नाव घेऊन गायलो. ओर्सेत्ता ओठ मिटून उभी होती. आमच्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा आहे. तो नसला की गाण्याला भोक पडतं. ते भोक देवळाच्या बाहेरच्या बाजूला बसलेल्या पाहुण्यांनाही ऐकू गेलं असेल.

नंतर बोर्तोलो बदामाच्या वड्या घेऊन जाळीशी आला.

"पोरीनं नाव राखलं हो, ओर्सेत्ता. घे, तुझ्या आवडीच्या आहेत."

"चामडेवाल्याचा निरोप तुझा?"

"अगं, थोडी भीती घातली. देणार होतो की काय खरंच? तू उगाच तिच्या डोक्यात काहीबाही भरवलं होतंस."

"धाकटी किती वर्षांची झाली?"

"चेचिलिया? सहा. पुढच्या वर्षी आणावी म्हणतो. तुझ्या हाताखाली—"

"आण," ओर्सेत्ता म्हणाली. इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "ती काळ्या चादरीखाली निजली ना, की मी गाण्याच्या मध्ये तुझं नाव घेईन. संतांच्या ओळीत. तू काय केलंस ते सगळ्या व्हेनिसला ऐकू जाईल असं सांगेन. माझा आवाज तुला माहीत आहे."

बोर्तोलोनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याला मी दिसले. "हिला वेड लागलंय. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," मी म्हणाले. "ते माझं कामच आहे."

संध्याकाळी मी माईंना शब्द न् शब्द सांगितला, एकही मऊ केला नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून तिला जेवायला टेबलावर बसव."

चेचिलिया आमच्याकडे आली नाही. ओर्सेत्ता वर्षभर वाट बघत होती. धमकी लागू पडली, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. झानेत्ता आता लेस विणताना वाचते, आत्याचीच पानं, पण खोडून खोडून, आत्याशी भांडत. "इच्छा आहे एवढं म्हणून भागत नाही, आत्या. जायला रस्ता कुठाय, तेही लिही." दोघी दुपारभर कडाकडा भांडतात.

मागच्या आठवड्यात कोणाच्या तरी वहिनीनं जाळीतून बातमी आणली. कालव्यापलीकडच्या मठात बोर्तोलोची धाकटी शिकायला ठेवलीय.

ती मी माईंना सांगितली नाही. आधी ओर्सेत्ताला सांगितली. तिनं लेखणी खाली ठेवली, खिडकीपाशी गेली आणि विचारलं, "त्या मठात जाळीशी ऐकायला कोण बसतं?"